डोळ्यांखालच्या गाठी

नवा चष्मा चढवून आजोबांनी आधी भिंतीवरचं घड्याळ वाचलं, मग रस्त्यापलीकडच्या औषधांच्या दुकानाची पाटी वाचली, अगदी खालची बारीक ओळसुद्धा, आणि मग वळून माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले, "बाई, इतकं रडू नये. गेलेलं माणूस रडून परत येत नाही." मी तेव्हा त्यांच्या कानामागची काडी बोटाने चाचपत होते. माझं कामच असं, की गिऱ्हाइकाच्या तोंडापासून माझं तोंड वीतभर अंतरावर. आपणच भिंगं बसवून द्यायची, आपणच नाकावरचे पॅड सारखे करायचे, आणि माणसाने त्यातून पहिलं काय स्पष्ट बघावं, तर आपलेच डोळे. मी म्हटलं, "हो आजोबा." दुसरं काय म्हणणार? आजोबा, हे रडणं नव्हे, हे फिलर आहे, मी ते हौसेने सुईने भरून घेतलंय आणि ते नीट बसलेलं नाही, असं काउंटरवर उभं राहून सांगायचं? त्यांनी माझ्या हातावर थोपटलं, चष्म्याची डबी खिशात टाकली आणि दारातून बाहेर पडताना पुन्हा एकदा मागे वळून बघितलं. चष्मा छान बसला होता, मान खाली घातली तरी घसरत नव्हता.

चष्म्याच्या दुकानात आरशांना काय तोटा. त्यात मालकांनी फ्रेम्स चमकाव्यात म्हणून छतात नवे दिवे बसवून घेतलेत. फ्रेम्स चमकतात, यात शंका नाही. पण तोच उजेड वरून तोंडावर पडला की माझ्या डाव्या डोळ्याखाली मसुराएवढी एक गाठ दिसते, उजव्या डोळ्याखाली लांबट अशी दुसरी, आणि दोन्हींवर निळसर झाक. सकाळी दोन्ही जरा जास्त फुगलेल्या असतात, दुपारी बसतात, पण जात नाहीत. बोटाने दाबलं तर मऊ लागतात आणि बोट काढलं की पुन्हा आपल्या जागी हजर. नंबर नसताना मी जाड काळी फ्रेम लावून बघितली, तर फ्रेमची खालची कड नेमकी गाठींवर टेकायची आणि संध्याकाळपर्यंत त्यावर वळ उठायचे. म्हणजे आगीतून फुफाट्यात. पावडर लावली तर उठून दिसतं, नाही लावली तर निळं दिसतं. मालक भला माणूस, एकदा हळूच म्हणाले, "हवी तर सुट्टी घ्या थोडे दिवस. मन मोकळं होईल." मी म्हटलं, मन मोकळंच आहे साहेब. त्यांना वाटलं मी विनोद करते आहे. मी अगदी खरं सांगत होते, मनात खरोखर काही नव्हतं.

ते फिलर भरून घेतलं कशासाठी, हे मला कुणी विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं कोण जाणे. आई गेल्यावर काही महिने जो तो एकच म्हणायचा, किती ओढलीयस गं, डोळे किती खोल गेलेत. अशातच त्या डॉक्टरबाई वाचायचा चष्मा घ्यायला आल्या, त्वचेच्या डॉक्टर. मी त्यांच्या दोन डोळ्यांमधलं अंतर मोजत होते आणि त्या माझ्या डोळ्यांखालचं मोजत होत्या. म्हणाल्या, "तुमच्या इथे खळगे पडलेत. या भागाला आमच्यात अश्रूंची पन्हळ म्हणतात. अगदी थोडं भरलं की चेहरा उठतो." मी म्हटलं, "मग बुजवूनच टाका. तशीही कोरडीच आहे." त्या हसल्या. मीही हसले असेन. मला सुंदर वगैरे दिसायचं नव्हतं, ते वय केव्हाच मागे पडलं. दाढ दुखत नसतानाही काढून घ्यावी, तसं काहीतरी अंगाला करून घ्यावंसं वाटलं, एवढंच. खुर्ची मागे झुकली, वर दिवा आला, सुई आली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आता जरा टोचेल." मी वाट बघत राहिले आणि त्या म्हणाल्या, "झालं." पुढे गाठी दिसायला लागल्यावर त्यांनीच आपणहून सांगितलं की तिथली त्वचा फार पातळ, औषध जरा वरच्या थरात राहिलं, म्हणून उंचवटा आणि म्हणून निळं. काळजीचं कारण नाही, विरघळवता येतं, एक इंजेक्शन, एक-दोन दिवसांत सपाट. बाईंनी चूक सरळ कबूल केली, म्हणून मला रागही आला नाही. तशी राग येण्याची सवयही मोडली होती. तारीख दिली त्यांनी, आणि ती तारीख यायच्या आधी माझा भाऊ दुकानात आला.

भाऊ म्हणजे नळ. लहानपणापासून घरात त्याचं हेच नाव. गोष्टीत गाय हरवली की हा रडणार, दुसऱ्याला मार बसला की हा रडणार, परीक्षेत पहिला आला तेव्हाही हा रडला. आणि मी ठोकळा. आई म्हणायची, एका घरात दोन नग, नळाला तोटी नाही आणि ठोकळ्याला पाझर नाही. गुडघा फुटला तरी मी गुडघ्याकडे बघत बसायचे आणि रडायचा तो. आईने कधी त्याला पुरे म्हटलं नाही आणि मला कधी रड म्हटलं नाही. मोठा झाल्यावर नळ गाडी शिकवायला लागला. त्याच्या गाडीत शेजारच्या बाजूलाही ब्रेक असतो, आणि वर्षानुवर्षं त्यावर पाय ठेवून बसल्यामुळे आता घरात खुर्चीवर बसला तरी काही अचानक झालं की त्याचा उजवा पाय जमिनीवर दाबला जातो. भांडं पडलं, ब्रेक. पोरगं धावत आलं, ब्रेक. हॉस्पिटलमध्ये आईच्या खाटेशी बसला असताना त्याचा पाय सारखा दाबलेलाच असायचा.

आईची मूत्रपिंडं गेली होती. अंगात पाणी साठायचं, तोंड सुजायचं, आणि चष्मा काही ती काढू द्यायची नाही. डोळे मिटून पडली तरी चष्मा हवा. म्हणायची, जाग आली आणि तुम्ही दिसला नाहीत तर? तोंड सुजलं की काड्या कानशिलांत रुतायच्या. मी रोज दुकानातून सुटले की जायचे, चष्मा हातात घेऊन काड्या तळहातात धरून ऊब द्यायचे आणि किंचित बाहेर वाकवायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोंड थोडं वाढलेलं, पुन्हा काड्या थोड्या बाहेर. शेवटी शेवटी तो चष्मा इतका रुंद झाला होता की दुसऱ्या कुणाच्या तोंडावर राहिलाच नसता. आम्ही फार बोलायचो नाही. ती डोळे मिटून विचारायची, "बसला का?" मी म्हणायचे, "बसला." आणि मग ती गेली. नळ खाटेच्या कठड्यावर डोकं आपटून रडत होता, मावशीने तोंडात पदर कोंबला होता, नर्स म्हणाली चष्मा काढून घ्या. मी काढला. भिंगं मळली होती. मी पर्समधून फडकं काढलं, भिंगांवर श्वास सोडला आणि पुसली. एका काडीचा स्क्रू ढिला होता. माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात बारीक पेचकस असतो, त्याने तो आवळला, काड्या मिटल्या आणि चष्मा डबीत ठेवला. मान वर केली तर मावशी माझ्याकडे बघत होती. "पोरीने डोळ्यातून टिपूस काढला नाही," ती म्हणाली, "आणि चष्मा पुसत बसलीय." हे एक वेळ चाललं असतं, मावशीच्या जिभेला हाड नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण बाहेर जिन्यापाशी नळाने मला धरलं. त्याचं तोंड रडून रडून ओळखू येत नव्हतं. "तू तो पुसलास का? तिच्या बोटांचे ठसे होते त्यावर." मी म्हटलं, "मळका होता." त्यानंतर त्याने माझ्याशी बोलणं टाकलं. मीही काही केलं नाही. काय करणार, मळका तर होताच.

तर असा हा नळ त्या दिवशी स्वतःच्या चष्म्याची निखळलेली काडी हातात घेऊन दुकानाच्या दारात उभा. दुसरं दुकान जवळ असतं तर तो आला नसता. काउंटरवर चष्मा ठेवला, काडी ठेवली, माझ्याकडे न बघता म्हणाला, "स्क्रू पडला." मी स्क्रू शोधायला खाली वाकले, वर झाले, आणि वरचा दिवा माझ्या तोंडावर पडला. त्याला चष्म्याशिवाय जवळचं नीट दिसत नाही, पण जेवढं दिसलं तेवढं पुरलं. "ताई," तो म्हणाला. मग नुसतीच त्याची हनुवटी हलायला लागली. "ताई, डोळ्यांचं काय करून घेतलंयस गं. इतकं एकटीने रडायचं?" मी तोंड उघडलं होतं, देवाशपथ उघडलं होतं, पण तोवर त्याने काउंटरवरून अर्धा अलीकडे झुकून माझ्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि एवढा मोठा बाप्या दिवसाढवळ्या गिऱ्हाइकांसमोर हमसून हमसून रडायला लागला. शाळेच्या चष्म्यासाठी आलेल्या एका मुलीने आईचा हात घट्ट धरला. मालकांनी पंखा उगाच मोठा केला. मी एका हाताने त्याच्या पाठीवर थोपटत होते आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीत तो बारीक स्क्रू धरून ठेवला होता, पडला तर पुन्हा सापडत नाही. सांगायचं राहून गेलं. त्यात कावा नव्हता. पण राहून गेलेलं बोलणं दुसऱ्या दिवशी फार मोठं झालेलं असतं आणि तिसऱ्या दिवशी ते दारातून बाहेर निघत नाही.

मग बुधवार सुरू झाले. बुधवारी त्याची शेवटची शिकवणी माझ्या घराजवळ संपते. तो वर येतो, भावजयीने दिलेला डबा ओट्यावर ठेवतो, सोफ्याच्या कडेवर बसतो, आणि रडतो. आधी काहीतरी सांगतो, आज एका बाईने चौकात गाडी बंद पाडली, तिचा आवाज आईसारखा होता, आणि त्यावरून सुरू होतं. "घरी रडलं की पोरं घाबरतात," तो म्हणतो. "ही म्हणते, पुरे आता, वर्ष होत आलं. गाडीत रडलो तर शिकणारे घाबरतात, त्यांना वाटतं आपलं काही चुकलं. तुझ्याकडे बरं असतं. मला वाटायचं, या घरात आईसाठी रडणारा मी एकटाच उरलोय. तू पण आहेस म्हणजे मी वेडा नाही." असं कुणी म्हटल्यावर काय करावं माणसाने? मी समोरच्या खुर्चीवर बसते. पाण्याचा पेला पुढे करते. तो माझ्या डोळ्यांकडे बघतो आणि त्याचं समाधान होतं. मी प्रयत्न केला नाही असं नाही. त्याच्यासमोर बसून आईचे हात आठवले, तिची ती चष्म्यावरून बघायची सवय आठवली, "बसला का?" आठवलं. सगळं स्वच्छ आठवतं, तारीखवार. पण आत हात घालून बघावं तर गार फरशी लागते. मला वाईट वाटत नव्हतं असं कसं म्हणू, वाटत असणारच, पण ते कुठे ठेवलंय तेच सापडत नव्हतं. डॉक्टरबाईंची तारीख मी पुढे ढकलली, मग पुन्हा ढकलली. त्यांच्याकडची मुलगी फोनवर म्हणाली, "मॅडम, गाठी तशाच ठेवायच्या आहेत का?" मी म्हटलं, बघते. एके दिवशी मावशीचा फोन आला. तीच मावशी. "मला कळलं हो," ती म्हणाली, "तू आतल्या आत कुढतेस. मी वाईट बोलले होते, मनात ठेवू नकोस." घरात माझी पत वाढली ती या मसुराएवढ्या गाठीमुळे. हसावं की काय करावं, मला समजेना, म्हणून मी डबा घासून ठेवला.

परवाच्या बुधवारी तो रडला नाही. डबा हातातच धरून माझ्याकडे टक लावून बसला. "सकाळी जास्त सुजतं का गं?" म्हणाला. मी म्हटलं, हो, जरा. ते खरंच आहे, ते औषध पाणी धरून ठेवतं. "पाय इकडे कर." मी म्हटलं, कशाला? "कर म्हणतो ना." त्याने खाली बसून माझ्या नडगीवर अंगठा दाबून धरला आणि उचलला आणि खड्डा राहतो का ते बघितलं, आईच्या पायावर डॉक्टर करायचे तसं. "नळ, अरे काय चाललंय?" "आईचं असंच सुरू झालं होतं," तो खाली बघतच म्हणाला. "डोळ्यांखालून. आपण म्हणालो झोप झाली नसेल. रडून एवढे दिवस सूज राहत नाही, ताई. मी विचारलं एका ओळखीच्या डॉक्टरला." त्याचा उजवा पाय फरशीवर दाबलेला होता, अगदी पांढरा पडेपर्यंत. "हे बघ, माझी किडनी आहे. आईला देणार होतो, वेळच मिळाला नाही. तुझी-माझी जुळेल, आपला रक्तगट एक आहे. हिला मी सांगितलंय. ती काही म्हणाली नाही." आता बोला. माझ्या डोळ्यांखाली चुकून वरच्या थरात राहिलेलं थोडंसं औषध, आणि त्यासाठी माझा भाऊ बायकोला सांगून स्वतःची किडनी काढून द्यायला निघालेला. एवढं ऐकून दगडालाही काहीतरी झालं असतं. मला एवढंच झालं की कान गरम झाले. मी म्हटलं, "मी डॉक्टरकडे जाणारच आहे. उद्या." "मी येतो." "शिकवण्या?" "मरू दे शिकवण्या," तो म्हणाला. सकाळी मी डॉक्टरबाईंना फोन करून दुपारची वेळ मागून घेतली. मनाशी ठरवलं, वाटेत सांगायचं. वाटेत त्याने इतकी सांभाळून गाडी चालवली, प्रत्येक खड्ड्याला माझ्यासाठी हळू केली, की सांगवेना.

दवाखान्यात पांढरा सोफा, कोपऱ्यात पाण्याचं यंत्र, भिंतींवर बायकांचे फोटो, निम्म्या तोंडाचे, नुसत्या ओठांचे, नुसत्या कपाळाचे. नळाच्या मांडीवर कापडी पिशवी होती, त्यात पाण्याची बाटली, माझ्यासाठी बिस्किटं आणि आईचे जुने रिपोर्ट, डॉक्टरांना घराण्यातला आजार कळावा म्हणून. फोनवरच्या त्या मुलीने मला खुर्चीत बसवून डोळ्यांखाली बधिर करणारं मलम जाड थापलं आणि म्हणाली, "अर्धा तास बसा. बधिर झालं की आत घेते." ती गेली. नळ एकेक फोटो बघत होता. एका फोटोत एकाच बाईचे डोळे दोनदा होते, आधीचे आणि नंतरचे, आधी खळगा, नंतर सपाट. त्यापुढे तो बराच वेळ थांबला. मग माझ्याकडे न वळता म्हणाला, "ताई, इथे किडनीचे डॉक्टर बसतात?"

"नाही," मी म्हटलं. "बस इथे." आणि सांगितलं. अगदी सरळ, गिऱ्हाइकाला नंबर समजावून सांगावा तसं. खळगे होते, भरून घेतले, नीट बसलं नाही, गाठी झाल्या, आज विरघळवायच्या. मूत्रपिंडं उत्तम आहेत. मलमामुळे गाल जड झाले होते आणि शब्द जरा ओलसर येत होते, त्यामुळे मी रडवेली होऊन बोलतेय असं कुणाला वाटलं असतं. त्याला वाटलं नाही. तो आता माझ्याकडे नीट, चष्म्यातून बघत होता.

"म्हणजे तुला काही झालेलं नाही."

"नाही."

"बरं झालं," तो म्हणाला. खरंच तसं म्हणाला, आणि डोळे मिटून श्वास सोडला. मग पुन्हा उघडले. "म्हणजे तू रडली नाहीस."

"नाही."

"एकदाही?"

"नाही रे."

"आणि दर बुधवारी मी तुझ्यासमोर..." पुढचं त्याने गिळलं. पिशवी उचलली, पुन्हा ठेवली, उठला आणि काचेच्या दारातून बाहेर गेला. बाहेरच्या बोळात त्याची पाठ दिसत होती. मला वाटलं, आता हा जिना उतरेल, आणि या वेळी गेला की गेलाच. माझं म्हणावं असं या जगात दुसरं कुणी नाही, हे मला तेव्हा अगदी हिशेबासारखं स्पष्ट दिसलं. उठून त्याच्यामागे जावं असंही वाटलं, पण तोंडाला मलम थापलेलं, आणि जाऊन म्हणायचं काय? मुलीने हाक मारली. मी आत गेले. खुर्ची मागे झुकली, वर तोच दिवा. डॉक्टरबाई म्हणाल्या, "उशीर केलात, पण हरकत नाही." सुई आत जाताना दाब तेवढा कळला. त्यांनी दोन बोटांनी गाठी हलक्या हाताने फिरवल्या आणि म्हणाल्या, "आता बाहेर बसा थोडा वेळ, काही त्रास नाही ना ते बघू. मध्ये मध्ये असंच चोळायचं, नाकाकडून बाहेर. जोर नाही द्यायचा. तुम्हाला बधिर आहे, अंदाज येणार नाही, दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. आहे ना कुणी बरोबर?" मी म्हटलं, माहीत नाही.

तो होता. सोफ्यावर पिशवी मांडीवर घेऊन, पाय दाबून बसला होता. डोळे लाल, चष्मा ओला. मी शेजारी बसले.

"मला वाटलं होतं, मी एकटा नाही," तो म्हणाला.

"एकटा नव्हतास. मी होते की. दर बुधवारी."

"तू नुसती बसायचीस."

"मला तेवढंच येतं, नळ," मी म्हटलं. "आईजवळही मी नुसती बसायचे. चष्मा सैल करून द्यायचे आणि बसायचे. तो पुसला तेव्हाही... मला दुसरं काही सुचलं नाही. हाताने जे रोज करते ते केलं. तिचे ठसे गेले, ते मला आत्ता कळतंय. त्याचं मला वाईट वाटतं." हे म्हणताना मी स्वतःकडे लक्ष ठेवून होते, वाटतंय का खरंच ते बघायला. वाटत होतं. फार नाही, पण होतं.

त्याने पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, "काय म्हणाल्या डॉक्टर?"

"चोळायचं म्हणाल्या. नाकाकडून बाहेर. मला अंदाज यायचा नाही म्हणाल्या."

"इकडे बघ," नळ म्हणाला. त्याने माझं तोंड दोन्ही हातांत धरलं, शिकाऊ माणसाच्या हातावर हात ठेवून चाक वळवावं तसं हळू, आणि दोन्ही अंगठे माझ्या डोळ्यांखाली टेकवून नाकापासून बाहेर ओढले. पुन्हा. आणि पुन्हा. समोर एक बाई मासिक चाळत होती, तिने वर बघितलं आणि घाईने पुन्हा खाली बघितलं. तिला वाटलं असणार, भाऊ बहिणीचे डोळे पुसतो आहे. माझे डोळे कोरडे ठणठणीत होते आणि रडत होता तो.

"दुखतंय?"

"काही कळत नाहीये."

"मग ठीक आहे," तो म्हणाला आणि चोळत राहिला. त्याचं तोंड माझ्यापासून वीतभर अंतरावर होतं. चष्मा नाकावरून घसरला होता, डावा पॅड वाकलाय हे मला दिसत होतं, आणि भिंगांवर पाण्याचे थेंब पडून पडून वाळलेल्या डागांचा थर जमला होता, इतका की त्यातून त्याला माझं तोंड कसं दिसत होतं कोण जाणे. माझा हात सवयीने पर्सकडे गेला, चेन उघडली, फडकं बोटांना लागलं. मी ते तिथेच राहू दिलं आणि चेन लावून टाकली.